चिमीची पिल्लं

पग आणि पॉमेरेनियन कुत्र्यांचा संकर करून पिल्लं विकायचा धंदा चितेगावच्या मोनालीनं थाटला होता. चपटं नाक, झुबकेदार केस. फोटो टाकला की शहरातून फोनावर फोन यायचे.

एका रविवारी सरोजिनीताई तिच्याकडून नेलेलं पिल्लू कडेवर घेऊन आल्या. त्याला सारखी धाप लागत होती.

"ताई, दुसरं देते ना बदलून," मोनाली घाईघाईनं म्हणाली.

"बदलायचं नाही गं, लळा लागलाय याचा. डॉक्टर म्हणतात, जन्मजात आहे. याची आई दाखव मला."

पत्र्याच्या शेडमध्ये पग जातीची चिमी पडून होती. ती उठून पिल्लाला चाटायला लागली आणि दोघांचाही श्वास सारखाच घरघरायला लागला. गिऱ्हाइकांना मोनाली हसून सांगायची, "लई घोरते ही." आज ती चिमीजवळ खाली बसली. चिमी पुन्हा गाभण होती.

चिमी व्यायल्यावर मोनालीनं तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं आणि ती पिल्लं विकली नाहीत. आधी विकलेली कशी आहेत, हे फोन करून विचारायचा धीर मात्र तिला अजून झालेला नाही.