नऊ बोटं पाऊस

जुलै १९८७. शेवटच्या साध्या दिवशी माझे वडील, आप्पा, नेहमीसारखे साडेआठला आमच्या वाशीच्या सोसायटीच्या गच्चीवर गेले. पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतलं, डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि म्हणाले, "एकतीस पूर्णांक दोन. लिही."

मी वहीत लिहिलं. मग आमटीत मीठ जास्त झालं यावरून आम्ही थोडं भांडलो. दुसऱ्या दिवशी साडेआठला आप्पा नव्हते.

आप्पा आठवले की मला मेघनाथ महाराजांचा कलश आठवतो, आणि हसू येतं.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही पारसिकच्या डोंगरापायथ्याशी एका गावात भाड्याने राहत होतो. आप्पा पाटबंधारे खात्यात पाऊस मोजायचे. गावाची मोजायची रीत वेगळी होती. अंगणात हाताला येईल ते भांडं ठेवायचं, सकाळी आत बोटं आडवी धरायची. "चार बोटं परला पाऊस," असं म्हणत भाताच्या लावणीला निघायचं.

गावात नव्याने आलेल्या मेघनाथ महाराजांनी हे बरोबर हेरलं. ते ओहोळाच्या काठी बसले आणि समोर पितळी कलश ठेवला. गावात दोन बोटं पाऊस पडला की कलशात नऊ बोटं!

"इथं माता उतरते, बच्चा!" महाराज गर्जायचे. "आकाशाला इथं भोक आहे!"

आमच्या शेजारची विमलबाई रोज कलशाला कुंकू लावायची. मीही स्कॉलरशिपसाठी गुपचूप नारळ ठेवून आले होते.

मग मातेचा हुकूम आला. ओहोळ मुरूम टाकून बुजवायचा, वर मठ बांधायचा. गावचे पुढारी गोटीरामशेठ तयार झाले. घाबरली ती फक्त गोजराबाई. तिचं घर ओहोळाला लागून, सगळ्यांत खाली.

"पानी जाईल कुठं, महाराज?"

"माता वळवील."

"माता वळवील, पन माज्या चुलीत!"

रविवारी सकाळी सगळं गाव जमलं असताना आप्पा मला हाताला धरून तिथे गेले. त्यांनी कलशाशेजारी तुपाचा रिकामा, सरळ उभा डबा ठेवला.

"आले मिलिमीटरसाहेब!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मी आप्पांचा हात सोडला आणि विमलबाईच्या मागे जाऊन उभी राहिले. आप्पांनी एकदा वळून पाहिलं.

त्यांनी गोजराबाईकडून रॉकेलचं नरसाळं आणि रिकामी बाटली मागून घेतली. नरसाळं बाटलीत खोचून तीही शेजारी ठेवली. सर आली. तासभर कोसळून थांबली.

"ये, तू मोज," आप्पांनी मला हाक मारली. मी हलले नाही.

"मी मोजते," म्हणत गोजराबाई पुढे झाली. तिने डब्यात बोटं धरली. "दोन." कलशात. "नऊ." मग नरसाळं काढून बाटलीला बाहेरून बोटं लावली आणि किंचाळलीच, "धा! अगो बाय, माता माज्या बाटलीत उतरली!"

हशा पिकला. आता तो महाराजांकडे तोंड करून होता.

आप्पांनी कलश उचलून दाखवला. तोंड ताटाएवढं, पोट तांब्याएवढं. "रुंद तोंडानं झेललेलं पाणी अरुंद पोटात भरलं, की उंची वाढणारच. पाऊस तेवढाच आहे."

महाराज उसळले, "तुझ्या यंत्राला पण नरसाळंच आहे, साहेब!"

"आहे. पण माझ्या मापावरच्या रेघा त्या तोंडाचा हिशेब धरून मारल्या आहेत. तुमच्या कलशावर नुसतं कुंकू आहे." मग आप्पा गोटीरामशेठकडे वळले. "शेठ, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या डोंगराची चाळीस हेक्टर जमीन याच ओहोळाकडे उतरते. तो आपला पाणलोट. म्हणजे डोंगर हे नरसाळं, आणि ओहोळ त्याची नळी. पंचवीस मिलिमीटर पडला तर एक कोटी लिटर. अर्धं मुरलं तरी पन्नास लाख लिटर याच वाटेनं येणार. तुम्ही नळीला बूच मारताय."

"कोटी?" गोटीरामशेठने ओहोळाकडे पाहिलं, मग गोजराबाईच्या दाराकडे. "महाराज, तुमी झेलाल का कोटी लिटर?"

महाराजांना एकाएकी नाशिकला जायचं आठवलं. कलश मागेच राहिला. गोजराबाईने पुढे त्यात तुळस लावली.

मुरुमाचे ट्रक परत गेले. त्याच ऑगस्टात ओहोळ दुथडी वाहिला. गोजराबाईचा उंबरा कोरडा राहिला.

चमत्कार सांगणारा भेटला की हात जोडण्याआधी त्याचं भांडं पाहावं. शेजारी आपलं भांडं ठेवावं आणि मोजावं. त्याला पदवी लागत नाही. गोजराबाईला सहीसुद्धा येत नव्हती.

आप्पा त्या दिवसाबद्दल मला कधीच काही बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी फक्त वही माझ्या हातात दिली. नऊ वर्षं ते आकडे सांगत राहिले, मी लिहीत राहिले.

आज साडेआठला मी गच्चीवर गेले. पाणी मापात ओतलं, डोळा पातळीला आणला.

"बावीस पूर्णांक चार," मी मोठ्याने म्हणाले. लिहून घ्यायला कोणी नव्हतं. "आप्पा, त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती. म्हणून मी हात सोडला. मोजायला मी यायला हवं होतं."