मी गेलो नाही, त्या दुपारची गोष्ट

मित्रांनो, दारामागच्या भिंतीवर टांगलेली ही जुनी लाकडी पेटी म्हणजे मी. मी या घराचा फ्यूज बोर्ड होतो. ‘होतो’ म्हणताना मान खाली जाते, कारण वय झालं म्हणून काही मला कामावरून काढलेलं नाही.

माझ्या पोटात चिनी मातीचे चार फ्यूज होते आणि प्रत्येकात एक बारीक तार. घरात विजेचा भार फार वाढला, की ती तार वितळायची आणि वीज तिथेच थांबायची. भिंतीतल्या वायरी तापण्याआधी आपण जळून जायचं, एवढंच माझं काम. तीस वर्षं मी ते इमानाने केलं. कुणी कौतुक केलं नाही, आणि मला त्याची गरजही नाही, असं मी समजत होतो.

मग घराची दुरुस्ती निघाली. मालकांची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, कपडे शिवून पोट भरते. तिच्यासाठी बाल्कनी बंद करून शिवणाची खोली केली. तिथे मोटारीचं मशीन आलं, इस्त्री आली; स्वयंपाकघरात ओव्हन आला. वायरमनने माझं झाकण उघडलं आणि मान हलवली.

“साहेब, चारही फ्यूज भरलेत. वेगळ्या लाइनी काढाव्या लागतील, नवा बोर्ड लागेल.”

“अहो, दोन वायरी तर जोडायच्यात! रंगही देऊन झालाय, आता भिंत पुन्हा फोडू?”

“मग मला नाही जमणार,” म्हणत वायरमनने पिशवी उचलली. मालक स्वतःच स्टुलावर चढले आणि शिवणाच्या खोलीची व ओव्हनची अशा दोन्ही वायरी त्यांनी गिझरच्या फ्यूजला जोडल्या.

त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. ताईची इस्त्री अर्ध्या बाहीवर थंड पडायची, ओव्हनमधला केक बसायचा. “मेल्याला रोज काय धाड भरते!” मालकीणबाई करवादायच्या. शेवटी मालकांनी बारीक तार काढून तिथे तांब्याची जाड तार पिळून बसवली.

दुसऱ्या दिवशी वीज गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. “बघ, कसा सुतासारखा सरळ झाला!” म्हणत मालकांनी माझ्या झाकणावर थाप मारली. मित्रांनो, तीस वर्षांतली ती पहिली शाबासकी. मी फुगलो. गिझर, ओव्हन, इस्त्री एकदम सुरू झाली की माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. नव्या खोलीतली वायर तापतेय, हे मला कळत होतं. जाड तारेपुढे माझं काही चालत नव्हतं, हे खरं. पण लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मला थांबायचंच नव्हतं.

एका दुपारी इस्त्रीच्या प्लगमधून धूर निघाला. टेबलावर गिऱ्हाइकांचे कपडे पसरलेले होते. ते पेटू नयेत म्हणून ताईने हातानेच प्लग ओढला. वितळलेलं प्लास्टिक तिच्या उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटलं. ती किंचाळली, तरी मी वीज देतच राहिलो. मालकीणबाईंनी धावत येऊन मेन स्विच बंद केला.

वायरमन पुन्हा आला. ती जाड तार काढून त्याने तळहातावर धरली. मालक ताईजवळ जाऊन बसले. “ताई, चूक माझी आहे,” म्हणाले आणि रडले. त्यांना बोलता तरी आलं.

आता शेजारी नवा बोर्ड आहे, ताईच्या खोलीला वेगळी लाइन आहे आणि माझं पोट रिकामं आहे. ताईची बोटं पुरती मिटत नाहीत. ती कापड बेतते, पण हातशिलाई मालकीणबाई करतात. “असं नाही गं, उसव ते,” म्हणत ताईचा हात पुढे जातो आणि तसाच मागे येतो.

मित्रांनो, घरातला फ्यूज सारखा जात असेल, तर त्याच्यावर खुशाल चिडा. पण त्याचं तोंड बंद करू नका. त्याला काय सोसत नाही ते शोधा, जाणकाराला बोलवा.

काल ताई माझ्यासमोर थांबली. वाटलं, आता तरी चार शब्द सुनावेल. तिने डाव्या हाताने झाकणावरची धूळ पुसली. “या बिचाऱ्याचा काय दोष?” म्हणाली आणि कामाला गेली.

मला बोलता येत नाही. तुम्हीच कुणीतरी तिला खरं काय ते सांगा.