बिजागरीला तेल कोणी घातलं?

या मित्रांनो, बसा. फक्त माझ्यावर टेकू नका, डावा पाय लंगडा आहे माझा. अशी गोष्ट सांगतो की घरी गेल्यावर प्रत्येक दाराकडे दोनदा बघाल.

मी एक जुनं सागवानी कपाट आहे. शिकलेला मुळीच नाही. लोकांनी पोटात पुस्तकं पुष्कळ ठेवली, पण वाचून कोणी दाखवली नाहीत. तेव्हा बोलणं जाडंभरडं आहे, चालवून घ्या.

मला एका सुतारानं स्वतःच्या लग्नासाठी केलं. हातात कला होती आणि खिशात वारा, बायकोला दुसरं देणार काय? पहिली दहा वर्षं आलागेला माझ्यावर हात फिरवून म्हणायचा, "काम बघा कसं आहे." मग घरात लोखंडी कपाट आलं आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथं ओल. दार फुगलं, बिजागऱ्या गंजल्या आणि उघडलं की मी असा काही आवाज काढायचो की मांजर खिडकीतून पळायचं. घरात माझं नावच पडलं, कुरकुऱ्या.

बायको म्हणायची, "जगाची दारं नीट करता, घरचं बोंबलतंय ते ऐकू येत नाही का?"

"उद्या तेल घालतो," सुतार म्हणायचा. हा उद्या अकरा वर्षं चालला.

त्यांची धाकटी मुलगी सत्तावीस वर्षांची झाली तरी घरात अजून बारकीच. ती टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीला होती. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, दिवसभर लोकांची कुरकुर ऐकून कान किटले. मला एक वर्ष द्या. मी खेळ बनवते, भुताचा. नाही जमलं तर मुकाट परत जाईन."

खेळ कसला, तर चित्र एकही नाही. नुसती गोष्ट आणि आवाज. थोडी गोष्ट झाली की खेळ विचारणार, आता काय करता? एक दाबा नाहीतर दोन दाबा. जे दाबाल तशी गोष्ट वळणार. बारकीनं माझ्या मागच्या खोलीतच टेबल मांडलं. कुठली वाट कुठं जाते त्याच्या चिठ्ठ्या माझ्या दाराच्या आतून चिकटवल्या, दोऱ्यानं एकमेकींना जोडल्या. सुतारानं एकदा डोकावून बघितलं आणि म्हणाला, "फांद्या फार झाल्यात. खोडाला पेलतील एवढ्याच ठेव." तिनं त्याच दिवशी सहा फांद्या छाटल्या. आवाज तर घरातलेच. हाड मोडलं म्हणजे गाजर मोडलं. ओसाड घरातला वारा म्हणजे आई बाटलीत फुंकायची. आणि सगळ्यांत भारी आवाज माझा. गोष्टीत एका रिकाम्या घरात एक बंद कपाट असतं, ते आतून कुरकुरतं. मोडीत काढलेल्या माणसाला बोलावणं यावं तसं वाटलं मला.

पण घोडं अडलं मावशीपाशी. मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिला दिसत नाही, म्हणून संगणक तिला गोष्ट वाचून दाखवायचा. कपाट कुरकुरलं. एक, दार उघडा. दोन, उघडू नका. मावशीनं दोन दाबलं. पुन्हा कुरकुरलं, पुन्हा दोन. खेळ चार मिनिटांत खलास.

"मावशी, उघड ना गं. खेळ आहे हा."

"खेळ असला म्हणून अक्कल गहाण टाकू? आत कोणीतरी आहे. त्याला गरज असेल तर तो येईल बाहेर."

शेजारपाजारच्या दहा जणांना बसवलं. आठ जणांनी दोनच दाबलं. शहाणी माणसं, काय बोलणार? बारकीचं तोंड उतरलं. वर्ष संपत आलं होतं, आणि असे खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या बाई शनिवारी घरी येणार होत्या.

तिला वाटलं, आवाजच कमी पडतोय. आतापर्यंत तो साध्या फोनवर धरला होता. मग तिनं दोन-तीन दिवसांसाठी चांगला माईक मागून आणला आणि जेवताना म्हणाली, "बाबा, उद्या सगळं त्या कपाटावर आहे हं."

पोरगी असं म्हणाल्यावर सुतार काय समजणार? पहाटे उठला. दार उतरवून तासलं, बिजागऱ्या घासल्या, तेल सोडलं. अकरा वर्षांचा उद्या त्या दिवशी उजाडला.

बारकीनं माईक लावला, दार ओढलं. मी उघडलो. आवाज नाही.

"बघ," दारातून सुतार म्हणाला, "लोण्यासारखं चालतंय."

ती मटकन खाली बसली. "बाबा, काय केलंत हे? मला तो आवाजच हवा होता."

सुताराचा चेहरा बघवेना. हातातली तेलाची बुधली त्यानं पाठीमागं लपवली, तिसरीतल्या पोरासारखी. "मिठाचं पाणी मारून पुन्हा गंजवू का?"

"किती दिवस लागतील?"

"दोन-तीन आठवडे तरी," म्हणत सुतारानं मला मिटून कडी लावली.

तेवढ्यात मावशी शाल घ्यायला आली. तिला यातलं काही ठाऊक नाही. हातानं चाचपत तिनं माझी कडी काढली. टक. दार ओढलं. आणि मावशी जागच्या जागी थिजली.

"उघडलं का हे?" तिचा आवाज एवढासा झाला. "बिजागरीला तेल कोणी घातलं?"

बारकीनं मान वर केली. "मावशी, परत म्हण."

दोन दिवस त्या खोलीत कोणी मोठ्यानं बोललं नाही. बारकीनं माझी कडी वीस वेळा काढली आणि माझं गप्प राहणं माईकमध्ये धरलं. जुनं कुरकुरणं फोनवरचं होतं, तेच ठेवलं.

शनिवारी बाई आल्या. स्टुलावर बसल्या, माझ्याकडे पाठ करून. कपाट कुरकुरलं, त्यांनी दोन दाबलं. पुन्हा कुरकुरलं, पुन्हा दोन. तिसऱ्यांदा नुसती कडी, टक. मग काहीच नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: दार उघडं आहे. बिजागरीला कोणीतरी तेल घातलंय. एक, कोणी घातलं ते बघा. दोन, निघून जा.

मित्रांनो, सुतार दारातून मान लांब करून बघत होता. बाईंनी एक दाबलं.

पडद्यावर आलं: तेलाचा ओघळ आतून आलाय.

बाईंनी कानावरचं काढलं आणि हळूच मागं वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्चीत असल्यासारखं स्टुलावर टेकायला गेल्या आणि पडता पडता वाचल्या. "घेतला आम्ही हा खेळ," त्या म्हणाल्या. "पण ही तेलाची युक्ती कोणाची?"

"आमच्या सुताराची," बारकी म्हणाली.

"चूक झाली हो माझ्याकडून," सुतार म्हणाला.

"अशा अजून करा," बाई म्हणाल्या.

बारकी नोकरीवर परत गेली नाही. खेळ दूरदूर गेला. मावशीनं तो शेवटापर्यंत खेळला आणि दोन दिवस बारकीशी बोलली नाही, ह्याच्याहून मोठं बक्षीस नाही. खेळ संपल्यावर नावं येतात. त्यात लिहिलंय, दार: कुरकुऱ्या. तेल: बाबा. सुतार ती ओळ पाहुण्यांना दाखवतो आणि मला मागच्या खोलीतून पुढं आणलंय त्यानं, भर बैठकीत.

मी असा गंजत पडलेला, एका आवाजासाठी कामी आलो आणि गप्प राहून जिंकलो. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं एखादं जुनं सामान भंगारात काढायचं ठरलं, तर काढा, मी कोण अडवणार? पण त्याआधी एकदा त्याच्यापाशी बसा, चार वेळा उघडून मिटून बघा आणि जरा कान लावा.