कोपऱ्यातली वाफ

"तिले आजच काढा, कौशल्याबाई," धनंजयशेठ ऑफिसच्या पायरीवरून म्हणाले. "चालता चालता कोपऱ्यात जाऊन उभीच राहते ते. तिकडचं धान करपून जाते. उभं राहाचे पैसे देऊन राहिलो का मी?"

ती म्हणजे राखी. रांगेत ती माझ्या पुढे चालायची, म्हणून मी सगळं ऐकलं. कान काही मी घरी ठेवून येत नाही.

तुमसरातल्या आमच्या मिलमध्ये उसना तांदूळ होतो. भिजवलेलं धान हौदात वाफेवर उकडतं, मग सिमेंटच्या पटांगणावर पसरतं. आम्ही बाया अनवाणी रांगेने पाय ओढत चालतो आणि धान उलटत राहतो. फेब्रुवारीतल्या सकाळी धुकं आणि धानाची वाफ एक होते. पुढच्या बाईचे फक्त घोटे दिसतात. गोल गोल चालून डोळे उघडे असतानाच झोप लागते. त्या वाफेत मी दोनदा माझ्याच लग्नाला जाऊन आले आहे, आणि दोन्ही वेळा नवरा यापेक्षा बरा होता.

कौशल्याबाई आमच्या मुकादम. पूर्वी आमच्यातच चालायच्या. कुणाशी बोलायचं असलं की त्या पटांगणाच्या कडेला चपला काढायच्या, मिलचा मोबाइल चपलेत ठेवायच्या, तळव्यांना धानाची ऊब कळेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. मग त्या बाईच्या शेजारी चालू लागायच्या. विचारायचं काहीच नाही. एक चक्कर, दोन चक्कर. बाई आपोआप बोलायची. माझा नवरा पुन्हा प्यायला लागला हे माझ्या आईच्या आधी त्यांना कळलं होतं.

"बाई, मुकादमी करून राहिल्या का देवाले फेऱ्या मारून राहिल्या?" शेठ चिडवायचे. त्या नुसत्या हसायच्या.

त्या दिवशी हसल्या नाहीत. "एक चक्कर द्या मले. मंग सांगते," म्हणाल्या आणि चपला काढून राखीच्या बाजूला आल्या.

दोन चकरा झाल्या. राखी गप्पच. तिसरीत बावनथडी नदीच्या बाजूने आभाळ दाटून आलं. अवकाळीच, पण आलं. गरम धान उगाच झाकलं तर आंबतं, म्हणून ताडपत्रीची हाक मुकादमानेच द्यायची हा आमचा नेम. मी कौशल्याबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. नेमकी तेव्हाच राखी कोपऱ्यात थांबली आणि बोलली.

"तुमाले सुटी मांगली होती मी. दिवाळीच्या आधी. आसगावले मायले पाहाले जाचं होतं."

"मले? कवा?"

"असंच आभाळ होतं. तुमी म्हणलं, हाव हाव, उद्या बोलू." राखीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "तुमी आभाळाकडं पाहून राह्यल्या होत्या. त्याच राती माय गेली."

"मंग मले काहून नाई सांगितलं, राखी?"

"सांगितलं तर होतं."

कौशल्याबाईंचा चेहरा पाहवेना. सगळ्या पटांगणाचं ऐकणारी बाई, आणि हे एक तिच्या कानाशी येऊन परत गेलं होतं.

पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला. "बाई, पानी!" मी ओरडले. त्यांनी वर पाहिलं नाही. त्या राखीकडेच पाहत होत्या.

"इथं काहून थांबतं तू?"

"हौदाची वाफ इथं येते. माय घरी धान उकडे तवा अशीच वाफ ये. मले माय दिसते इथं."

"कशी दिसते?"

"चुलीपाशी बसली राहते. पदर खोचून. मले म्हणते, सरक वं बाई, भाजशीन."

शेठ पायरीवरून बोंबलत होते. शेवटी माझ्या मागची कुंताबाईच ताडपत्रीकडे धावली, मग आम्ही सगळ्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू? एवढं धान, आमच्या पायांनी वाळवलेलं! ताडपत्री ओढता ओढता मी कौशल्याबाईंना मनात काय काय म्हणाले. आणि मागे वळून पाहिलं तर त्या दोघी पावसात उभ्या, राखी हातवारे करून आईचं सांगते आहे, आणि कौशल्याबाई मान हलवत आहेत. माझ्या हातातली दोरी सुटली. मला रडू आलं, माझी आई धडधाकट असताना.

अर्धं पटांगण भिजलं.

"कोणाची चूक हे?" शेठ पुढे येऊन उभे राहिले.

"माही," कौशल्याबाई म्हणाल्या. चपलेतला मोबाइल पदराला पुसून त्यांनी शेठच्या हातात दिला. "मुकादमी दुसऱ्याले द्या. पण राखीले ठेवा. त्या कोपऱ्यात तिले मीच उभी केली आहे."

शेठ मोबाइल घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणून चिंधू आला. पायात बूट, गळ्यात शिट्टी. आमच्या चपलांच्या ढिगात कौशल्याबाईंच्या चपला होत्या. बाई स्वतः राखीच्या मागे रांगेत होत्या, त्यांच्या मागे मी. खूप दिवसांनी सलग चालत असल्याने त्यांचे तळवे लाल झाले होते. मी म्हटलं, "बाई, जरा हळू चाला." त्या म्हणाल्या, "चाल वं गुमान."

कोपरा आला. राखी थांबली. तिच्या मागे कौशल्याबाई थांबल्या, मग मी, मग कुंताबाई, सगळी रांगच थांबली. तिकडे चिंधू शिट्टी फुंकत होता. वाफ आमच्या तोंडावरून गेली.

"आली का?" कौशल्याबाईंनी हळूच विचारलं.

"हाव," राखी म्हणाली.

मग आम्ही पुढे चालू लागलो.