मांजलपूरच्या राईतले काळे रक्त

मांजलपूरच्या राईत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बडोद्याहून टांगे भरभरून माणसे आली होती. नारळवाल्याने तर पहाटेच मोक्याची जागा धरली होती. रायणीच्या मोठ्या झाडाखाली रातोरात करड्या कुत्र्याच्या छत्र्यांचे रान उगवले होते, आणि त्यांच्यासमोर अंगारबुवा चिमटा आपटत घुमत होते.

"बोल, कोण छे तू? कुठल्या मसणातून आलास? नाही बोलत? मग घे हे मंत्राचं पाणी!"

बुवांनी कमंडलू रिकामा केला. दुपार कलायच्या आत छत्र्या कडेने विरघळू लागल्या आणि त्यांतून काळेकुट्ट थेंब गळू लागले.

"दैत्याचं रक्त!" गर्दीने हात जोडले. नारळ संपले.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. लोकांनी फुकटात चमत्कार पाहिला तर माझी हरकत नसते. पण या चमत्काराची किंमत कुसुमावती मोजणार होती.

ती सुभानराव शिर्क्यांची सून, आणि राई त्यांचीच. सुभानराव म्हणजे महाराजांच्या रिसाल्यातले निवृत्त दफेदार. कुसुमावती लग्न होऊन घरात आली त्याच वर्षी रायण शेंड्याकडून वाळू लागली आणि बुंध्याशी या छत्र्या उगवू लागल्या. बुवांनी दोन्ही गोष्टींची मोळी बांधली. "सुनेच्या पायगुणानं दैत्य उठलाय. घट बसायच्या आत तिला नवसारीला माहेरी पोचवा, कायमची. नाहीतर झाड पडेल आणि वंश बुडेल!"

तिचा नवरा जयसिंगराव प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात दिवसभर लोखंड वाकवायचा. घरी आईसमोर मात्र त्याचाच कणा वाकायचा.

त्याच वर्षी घरात आणखी एक जण आला होता, पण त्याच्यावर कोणाचा संशय जाणे शक्य नव्हते. तो म्हणजे पवन, सुभानरावांचा रिसाल्यातला घोडा. निवृत्त होताना त्यांनी तो मागून घेतला आणि मानाची जागा म्हणून राईतल्या कुलदेवीसमोर, रायणीच्या सावलीत बांधला. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची आणि रोज त्याला गूळ मिळायचा. सुनेला मिळत होता की नाही, मला ठाऊक नाही.

"केम मास्तर, पाहिलंत ना रक्त?" सुभानरावांनी विचारले.

"पाहिलं. दफेदारसाहेब, या छत्र्या पवनच्या मुतानं उगवतात."

त्यांच्या मिशा थरथरल्या. "जिभेला काही हाड? त्या घोड्यानं स्वारीत महाराजांचं निशाण वाहिलंय!"

"निशाण वाहिलं म्हणून मुतायचा थांबला की काय?"

सासूबाई, म्हणजे रखमाबाई, पदर तोंडाला लावून आत पळाल्या. सुनेच्या पायाखाली दैत्य असू शकतो, पण दफेदारांच्या घोड्याला मूत असू शकत नाही, असे या घरचे तर्कशास्त्र!

"बरं," मी म्हणालो, "बुवा पलीकडच्या कडुनिंबाखाली बसतात, तिथं सूनबाई कधी गेल्यात?"

"छे! बुवांनी तिला मनाईच केलीय."

"मग तिथंच दैत्य उगवून दाखवतो. तुम्ही साक्षीला या. तोंडाला मात्र कुलूप."

सुभानराव हट्टी होते, पण शब्दाचे पक्के होते. पागेतल्या ओळखीच्या मोतद्दाराने मला घोड्यांच्या मुताचे डबे भरून दिले आणि आम्ही दोघांनी ते रात्री, बुवा नसताना, त्यांच्या बैठकीभोवती ओतले, पुन्हा पुन्हा ओतले. वास येत होता, पण बुवांच्या धुपापुढे त्याचे काय चालणार!

पितृपक्ष लागला. कुसुमावतीची ट्रंक भरून दारात आली. मी रोज सकाळी कडुनिंबाखाली डोकावून यायचो आणि माझा धीर सुटत चालला होता. शेवटी एका सकाळी रखमाबाईंची किंकाळी ऐकू आली.

बुवांच्या बैठकीभोवती छत्र्याच छत्र्या! एकीने तर त्यांचे मृगाजिन कोपऱ्याला उचलून धरले होते. बुवा आले, थबकले. गर्दीतली एक भाजीवाली म्हणाली, "महाराज, आ दैत्य तो तमारो नीकळ्यो!"

"सुनेनं पाठवला!" बुवा गरजले आणि त्यांनी कमंडलू उचलला.

"नाही बुवा," सुभानराव पुढे झाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी आणि मास्तरांनी ओतला. घोड्याचं मूत आहे ते. तो कमंडलू खाली ठेवा. आज मंत्र नको, नुसतं बसून बघू."

आम्ही बसलो. दुपारी छत्र्या आपल्या आपण विरघळल्या, तसेच काळे थेंब गळले. बुवा तोवर पाणी पिऊन येतो म्हणून गेले होते, ते अजून पीतच असावेत.

मग मी लोकांना सांगितले. मुतात नत्र असते. बेताचे असेल तर ते खत. रोज एकाच जागी ओतले तर मातीचा संसार मोडतो. झाडाच्या मुळांना बुरशीचे बारीक तंतू बिलगलेले असतात. ते मातीतून झाडाला क्षार आणून देतात आणि झाड त्यांना साखर देते. नत्राचा मारा झाला की हे जुने सोबती नाहीसे होतात, गांडुळे निघून जातात आणि नत्रावर पोसणाऱ्या छत्र्यांचे फावते. म्हणजे एकाच कारणाने इकडे छत्र्या उगवल्या आणि तिकडे रायण वाळली. ही छत्री पिकली की स्वतःच विरघळते आणि तिच्यातल्या काळ्या बीजांमुळे पाणी काळे दिसते. त्याला ना मंत्र लागतो ना दैत्य.

पवनला दूर गोठ्यात हलवले. जयसिंगरावाने ट्रंक स्वतः उचलून आत नेली. रखमाबाई सुनेला जवळ घेऊन म्हणाल्या, "पोरी, झालं गेलं विसर."

"विसरेन, आई. पण एक सांगा. मास्तरांच्या छत्र्या उगवल्या नसत्या, तर मी आज नवसारीच्या गाडीत असते ना?"

रखमाबाई खाली वाकून ट्रंकेचे कुलूप काढू लागल्या. मलाही तोंड वर करवेना, कारण पावसाने ओढ दिली असती तर एकही छत्री उगवली नसती, आणि तरीही ती पोर निर्दोषच असती.

म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला तर जरूर बघा, त्याचे कारण शोधा, आणि कारण सापडले नाही तर "ठाऊक नाही" म्हणून मोकळे व्हा. पण पुरावा मागायचा तो दैत्य दाखवणाऱ्याकडे. ज्या बाईवर बोट रोखले आहे तिने काही सिद्ध करायचे नसते.