रविनाचं वेगळं पीठ

जामसरच्या रेशन दुकानात तांदूळ घेऊन झाला की रविना चपला काढून काट्यावर चढायची. पाड्यात मोठ्या माणसाचं वजन करायला दुसरी सोय नव्हती. दुकानदार बाळ्या दर महिन्याला तेच विचारायचा, "वहिनी, हे पोतं कुणाच्या कार्डावर टाकू?" बाया फिदीफिदी हसायच्या. रविनाही हसायची आणि आकडा बघून उतरायची. अठ्ठावन्न. गेलं वर्षभर अठ्ठावन्न.

भिवंडीला नवऱ्याबरोबर, नितीनबरोबर, कंपनीत बसून पॅकिंग केलं त्या चार वर्षांत ती चौऱ्याहत्तरवर गेली होती. रोशनी पोटात असताना साखर निघाली, ती बाळंतपणानंतरही हटली नाही. पोरीला घेऊन ती गावी सासरी आली; नितीन भिवंडीलाच कामावर राहिला. नाचणीची भाकर, पालेभाजी, मूठभर भात आणि रोजची शेतावरची चढण, यावर दीड वर्षात सोळा किलो उतरली. जव्हारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतरवणं एकदाचं असतं गं, राखणं रोजचं." ते रोजचं काम रविना मुकाट करत होती. तिच्या आईचा पाय साखरेनं गुडघ्यापासून गेला होता. खाटेवर बसून दारातली नातवंडं बघत राहिलेली आई तिला अजून दिसायची.

पण पाड्याला हे कोण समजावणार? इथं उतरलेलं अंग म्हणजे रिकामी कणगी. "नवऱ्यानं सोडली काय?" "सासू खाऊ घालत नसेल." सासू म्हणजे रामी. असलं काही कानावर आलं की घरी येऊन ती भांडी आपटायची.

या महिन्यात काटा एकसष्टवर थांबला. रविना उतरली, पुन्हा चढली. एकसष्टच.

"आता कशी माणसात आलीस!" शेजारची मीना म्हणाली.

रविनानं मनाशी हिशेब केला. वाढीव असं काही खाल्लं नव्हतं. त्याच दोन भाकरी, तिच्यासाठी वेगळ्या दळलेल्या नाचणीच्या. हां, भाकरी हल्ली फार चवीच्या लागत होत्या. "औंदा नाचणी गोड निघाली, आये," असं ती परवाच म्हणाली, तेव्हा सासूनं तोंड चुलीकडे फिरवलं होतं.

वाटेत गोरखची गिरणी. त्यानं तिला बघून पट्टाच बंद केला. "वहिनी, तुझ्या सासूला आवर घाल. नाचणीत शेंगदाणे कालवून दळायला आणते! दगड सगळा तेलकट होतो, साफ करता करता हात गेले माझे. वर म्हणते, सुनेला सांगू नको."

रविना तांदळाचं ओझं डोक्यावर घेऊन चढण चढली ती न थांबता.

रामी ओटीवर पाखडत बसली होती.

"आये, माझ्या पिठात शेंगदाणे किती घालतेस?"

सूप थांबलं. "पायलीला दोन मापं."

"का?"

"का म्हणजे? लोकं माझ्या तोंडावर बोलतात. आणि लोकं मरू दे. माझा थोरला, भावेश, दोन वर्षांचा होऊन गेला. त्याच्या बरगड्या मी मोजल्यात. या घरात मला परत बरगडी बघायची नाही."

रविना तिच्यासमोर खाली बसली. सासूचा हात धरून तिनं आपल्या कुशीवर ठेवला. "चाचपून बघ. लागते का बरगडी?"

रामीनं बोटं दाबून चाचपलं.

"हे भुकेचं अंग नाही, आये. मी राखलेलं आहे. चौऱ्याहत्तर होते तेव्हा पोरीला कडेवर घेऊन दहा पायऱ्या चढवत नव्हत्या. आज बघितलंस ना कशी आले? साखरेनं माझाही पाय नेला तर रोशनीच्या मागं धावणार कोण? तू?"

"मग लोकांना काय सांगू?"

"तू नको सांगूस, मी सांगते. रेशनच्या रांगेत उभी राहून सांगते. माझं अंग आहे, गावाची कणगी नाही. ज्याला भरायचीय त्यानं आपली भरावी."

अजून तिनं सासूचा हात सोडला नव्हता. आणि आता तिच्या ध्यानात आलं, की त्या मनगटाभोवती आपली दोन बोटं जुळून वर जागा उरतेय. सगळ्यांना वाढून उरलं तर खायचं, नाहीतर पेज प्यायची, असं या बाईनं आयुष्य काढलेलं.

रविना उठली. पीठ टाकून द्यायचं नव्हतं. धान्य टाकलं तर कणसरी माय, अन्नाची देवी, रुसते. तिनं त्याच पिठाच्या भाकरी थापल्या. अर्धी रोशनीच्या हातात दिली, दोन सासूच्या ताटात वाढल्या. स्वतःला मूठभर भात आणि भाजी घेतली.

"मला कशाला एवढं? मला पेज पुरे."

"बरगडी बघायची नाही ना तुला? मलाही नाही."

"अर्धी खाईन."

"दोन."

"बरं, एक. म्हातारं पोट आहे माझं."

"दोन," रविना म्हणाली, आणि आपलं ताट दूर सारून हाताची घडी घालून बसली.

"हट्टी रांड!" रामी करवादली आणि पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला.

दुसरी अर्ध्यावर आली, तेव्हा कुठं रविनानं आपलं ताट ओढलं.