एकशे सतरा नंबरची स्लाइड

माझ्या सासूबाई प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते. वर घरी त्या आई, खाली इथे मॅडम. जिन्याच्या कितव्या पायरीवर नातं बदलायचं, हे लग्नानंतर वर्षभर मला कळत नव्हतं. दोन्हीकडे त्या नाकावर माशी बसू देत नाहीत.

आमचं काम मध तपासण्याचं. मधात फुलांचे परागकण असतात. ते वेगळे काढायचे, काचेवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. प्रत्येक झाडाचा कण निराळा. कुणाच्या अंगावर काटे, कुणाच्या जाळी, कुणाला तीन खाचा, कुणी सरळ तिकोनी. शंका आली की कपाटातून त्या झाडाची नमुना-स्लाइड काढायची आणि ताडून बघायचं. अशा चारशे स्लाइडी आमच्याकडे आहेत. बाटलीवर ज्या झाडाचं नाव, त्याचेच कण पुरेसे निघाले तर शिक्का, नाहीतर नकार. माणसं खोटं बोलतात, पराग बोलत नाहीत, हे सासूबाई येईल त्याला ऐकवतात.

मंगळवारी सकाळी एक मधपाळ आला. साठीचा, स्वच्छ धुतलेला शर्ट, हातात कापडी पिशवी. आठवड्यापूर्वीच त्याचा मध आम्ही नाकारला होता. त्याने तो रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

"काटेझुडपाचा मध नाही म्हणताय."

"त्याचे कण दिसलेच नाहीत, काका."

"सहा वर्षांपूर्वीही हेच लिहिलं होतं तुम्ही."

"मग तेव्हाच शहाणं व्हायचं होतं की," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. त्या दिवशी ती जागेवर राहिली असती तर बरं झालं असतं.

तो चिडला नाही. खुर्ची ओढून बसला.

"तेव्हा माश्यांच्या पेट्या माझा धाकटा भाऊ सांभाळायचा. डोंगरावर तोच राहायचा. तुमचा कागद आला आणि मी त्याला म्हटलं, तू बाहेरचा मध मिसळलास. तो नाही म्हणत राहिला. मी म्हटलं, कागद खोटं बोलतो काय? त्याच रात्री बायकापोरांना घेऊन गेला. तेव्हापासून बोलणं नाही." पिशवीची गाठ सोडत तो पुढे म्हणाला, "यंदा डोंगरावर मी राहिलो. दोन महिने. मध मीच काढला, मीच भरला. आता सांगा ताई, मिसळला कुणी?"

पिशवीतून त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी काढली. काट्यांमध्ये घट्ट मिटलेल्या कळ्या होत्या.

त्याला बाहेरच्या बाकावर बसवून मी कळ्या सुईने उकलल्या, आतले पराग काचेवर घेतले. छोटे, गुळगुळीत कण, तीन खाचा. मग काटेझुडपाची आमची स्लाइड काढली, एकशे सतरा नंबरची. तिच्यातले कण चांगले दुप्पट मोठे आणि अंगभर जाळी. मग त्याच्या मधाची स्लाइड लावली. ती छोट्या गुळगुळीत कणांनी भरलेली होती. रिपोर्टात आम्ही त्यांना 'अनोळखी' म्हटलं होतं.

एकशे सतराच्या लेबलवरचं अक्षर माझं होतं.

नमुना घेताना कळी घ्यायची, फूल नाही, हा इथला पहिला धडा. उमललेल्या फुलावर माश्या येऊन गेलेल्या असतात. त्या त्याचे पराग नेतात आणि दुसऱ्याच झाडाचे ठेवून जातात. सात वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी या झुडपाकडे गेले, तेव्हा कळ्या उंचावर होत्या आणि काटे बोटभर. हाताशी एक शिळं फूल होतं. एवढ्याने काय होतंय, असं मनात म्हटल्याचंही मला आठवतं.

स्लाइड गुपचूप बदलावी, हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला सांगू? पाच मिनिटं तरी होता. मग मी तिन्ही स्लाइडी घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले.

त्यांनी तिन्ही पाहिल्या. एकशे सतरा दोनदा पाहिली.

"फूल घेतलंस."

"हो."

मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"आणि मधात निम्म्याहून जास्त अनोळखी कण दिसत असताना मी सही केली. दोनदा. हे कोण, असं मी विचारायला हवं होतं. त्याचाच मला पगार देतात." मग म्हणाल्या, "कोणाचं नुकसान झालं?"

मी भावाचं सांगितलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या म्हणाल्या, "आणि इथे तर चोरच नव्हता."

जुन्या मधाची जपून ठेवलेली स्लाइड पुन्हा पाहून दुपारपर्यंत दोन्ही रिपोर्ट नव्याने लिहून झाले, जुनाही आणि आताचाही. चूक प्रयोगशाळेची, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. आम्ही दोघी बाहेर गेलो. सांगितलं मी. फुलाचं, काट्यांचं, सगळं.

मधपाळाने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्याने जुन्या वर्षाचा कागद तेवढा वाचला, बोट फिरवत, शेवटपर्यंत.

"म्हणजे तो खरं बोलत होता," तो म्हणाला. "कागद तुमचा होता ताई. पण भाऊ माझा होता ना. मी त्याचं ऐकायला नको होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "त्यांचा पत्ता द्या. मी स्वतः जाऊन माफी मागते."

सख्ख्या भावाचा पत्ता त्याला माहीत नव्हता. शेवटी त्याने घरी फोन लावला आणि बायकोला जरा घुटमळतच विचारलं, धाकट्याचा ठावठिकाणा कुणाकडून मिळेल का?

फोनवरचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. तिने कुणाला विचारलं नाही, थांबा म्हटलं नाही, काही शोधलं नाही. गल्ली, मजला, खोलीचा नंबर तिने एका दमात सांगितला. मग म्हणाली, "दार उघडायला वेळ लागतो त्यांना. दोनदा बेल वाजवा."